गवत काढून गवत लावण्याचा समारंभ

शनिवारी दुपारी चार वाजता मालवण तालुक्यातल्या एका खाजणात (भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन) किनारा-संरक्षणासाठी खारं गवत लावण्यात आलं. शुक्रवारी दुपारपर्यंत तिथे तेच गवत उभं होतं.

शुक्रवारी समारंभाची बातमी करायला कणकवलीला उतरून मी एसटीने पोहोचलो, तेव्हा जेसीबी काम करत होता. समारंभाचे संयोजक म्हणाले, "जागा मोकळी दिसायला हवी. नाहीतर फोटोत आधीच लावल्यासारखं वाटेल."

खाजणाला लागून मातीचा बांध होता आणि बांधाआड फिलुमावशीचं वायंगण (उन्हाळी भात). पीक निसवायला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. ती बांधावरून ओरडत होती.

"लाटो ह्या गवतार फुटतत रे, म्हणान माजो बांध उभो आसा! ह्या काढलास तर भात खारा होतला."

"मावशी, उद्या नवीन लावतोच आहोत."

"दात काढून नवे दात पेरल्यार उद्यां चणे खावक गावतत?"

संयोजकांनी टिपून घेतलं. रात्री मावशीकडे पेज आणि सुकटीची चटणी मिळाली. तिने बांधाशिवाय दुसरा विषय काढला नाही.

शनिवारी मान्यवर आले. आधी गाऱ्हाणं (देवापुढे सर्वांच्या वतीने केलेली विनवणी) झालं. त्यात झालेली चूकही सांगायची असते. गावचे मानकरी हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, काल हयसर जा उभा गवत उपटला, तेचो दोष ह्या लेकरांक लावू नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" रिवाजाप्रमाणे सगळे म्हणाले. मान्यवरही म्हणाले. मावशी चर्चला जाणारी, पण तिचा आवाज सर्वांत मोठा होता.

रोपं कमी पडली. मग जेसीबीने लोटलेल्या ढिगातलं गवत आणून मान्यवरांच्या हाती देण्यात आलं. ते मुळांसकट होतं, त्यामुळे फोटोत चांगलं आलं.

सोमवारी पौर्णिमा होती. दुपारच्या उधाणात नवी लागवड वाहून गेली. तासाभराने बांध फुटला. संयोजकांनी फोनवर सांगितलं, "लागवड शंभर टक्के पूर्ण झाली आहे. टिकण्याचा विषय पुढच्या टप्प्यात येतो."

मंगळवारी सकाळी निरोप घ्यायला गेलो. मावशी गुडघाभर खाऱ्या पाण्यात विळा घेऊन उभी होती.

"काय करतंस, मावशी?"

"गाय-गोरवांक घालतंय. आणि काय करू?"

मी कणकवलीची एसटी पकडली, तोवर तिने अर्धं भात हिरवंच कापलं होतं.