गंध लावताना दिसलेली फट

जी गोष्ट मी देवापुढेदेखील पुरत्या शब्दांत उच्चारलेली नाही, ती आज तुमच्यापुढे मांडतो आहे. घरात कोणालाही ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असायला हवी होती — त्याला तर नाहीच.

मी वाढलो वेदपाठशाळेत. पोट मात्र शस्त्रांनी भरले. चिंचवडमधल्या एका परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात माझा उभा जन्म गेला. सकाळी संध्या आटोपून दुकानात जायचे, आणि सणावारी त्याच गिऱ्हाइकांच्या घरी पूजा सांगायची. दोन्हीकडे लोक मला गुरुजीच म्हणत. ते मला आवडत असे — किती आवडत असे, ते पुढे कळेलच.

चाकणजवळच्या एका गावातले सोपानराव नवरात्रात आपले रिव्हॉल्व्हर घेऊन आले. “गुरुजी, उडीवलं की बाजूनं ठिणग्या मारतंय. पूजंत मांडायचंय, तवर नीट करा.” दोष उघड होता. गोळ्यांचे चक्र आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढीच फट असावी लागते. ती वाढली, की गोळी सुटताना तप्त वायू आणि शिशाचे कण तिच्यातून बाजूला उडतात. मी नळी थोडी आत घेतली, तिचे तोंड घासून सरळ केले आणि गेजची पाती घालून फट मोजली. बरोबर भरली.

पण जुने चक्र आपल्या आसावर थोडे पुढेमागे हलते. म्हणून ते नळीकडे रेटून मोजायचे, आणि मागे ओढूनही मोजायचे. मागे ओढल्यावर जी फट उरते, ती खरी. मी फक्त पुढे रेटून मोजले. देवीच्या आरतीची वेळ टळत होती, एवढेच. ही चूक झाली. मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

खंडेनवमीला सोपानरावांच्या घरी पाटावर लाल वस्त्र अंथरले होते. त्यावर विळे, पहार, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध ते रिकामे रिव्हॉल्व्हर. नळीला गंध लावून मी चक्राला लावू लागलो. बोटाच्या भाराने चक्र मागे सरकले — आणि पलीकडच्या समईचा उजेड त्या फटीतून माझ्या डोळ्यांत आला.

मी ओळखले. तत्क्षणी ओळखले.

नेमके तेव्हाच सोपानराव पाहुण्यांना म्हणाले, “बघा राव, आमच्या गुरुजींनी हात लावला की लोखंडबी मंत्र म्हणाया लागतंय!” सगळे हसले. मीही हसलो. त्यांचा धाकटा भाऊ दत्तोबा म्हणाला, “मंग दादा, आजच मैदानावर घेऊ की म्हणवून चार मंत्र!” पुन्हा हशा. मी गंभीरपणे म्हणालो, “पूजेत मांडलेल्या शस्त्राला दसऱ्यापर्यंत हात लावू नये.”

प्रथा खरी आहे. पण ती माझ्या तोंडून कशासाठी आली? भक्तीने? ‘माझे काम चुकले, हे परत द्या’ — एवढे वाक्य त्या माणसांपुढे माझ्याने उच्चारवेना. ज्या जिभेने इतके मंत्र पाठ केले, तिला एवढे जड व्हावे? दसरा सरला की काही निमित्त काढून ते मागून घेऊ, असे मी मनाशी ठरवले.

दसऱ्याला उत्तरपूजा मीच केली. शस्त्र उचलून सोपानरावांच्या हाती मीच दिले. तेव्हाही बोलता आले असते — नाही?

दुपारी दोघे भाऊ सरावाच्या मैदानावर गेले. दत्तोबा शेजारी, जरासा पुढे उभा होता. पहिल्याच गोळीला फटीतून उडालेले शिसे त्याच्या उजव्या डोळ्यात गेले. डोळा राहिला नाही.

दवाखान्यात तो मला म्हणाला, “दादाचा काय दोष न्हाई, गुरुजी. म्याच येड्यावानी फुडं जाऊन हुबा ऱ्हायलो.” मी त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि म्हणालो — देवाची इच्छा.

माझा दोष मी देवाच्या माथी मारला. याहून खाली माणूस उतरतो का, मला माहीत नाही.

रिव्हॉल्व्हर पुन्हा माझ्याकडेच आले. या वेळी मी आसावर पातळ चकत्या घातल्या, चक्राची हालचाल काढली, फट पुढूनही मोजली आणि मागूनही. “गोळ्याच खराब असणार,” सोपानराव म्हणाले. मी मान डोलावली.

संध्येत मनाने, वाणीने आणि हातांनी घडलेल्या पापांचा उल्लेख येतो. मी तो रोज करतो, स्वर न चुकवता.

दत्तोबा अजून दर दसऱ्याला येतो. “सोनं घ्या, गुरुजी,” म्हणतो. आपट्याचे पान देताना त्याला मान पुरती वळवावी लागते. उरलेल्या डोळ्याने तो माझा हात शोधतो. मी हात पुढे करतो, पान घेतो, आणि तो वाकतो तेव्हा त्याला आशीर्वाद देतो.