गोणीतले ब्रेक

आधीच सांगते, या पानावरचे अनुभव मी निव्वळ करमणूक म्हणून वाचते. कोणाला झाडाखाली बाई दिसते, कोणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... वाचायचं, चहा संपवायचा आणि कामाला लागायचं. माझी सगळी नोकरी खडकीतल्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला झाली. समोर आलेल्या वस्तूत खोट आहे असं धरूनच तपासायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे खालचं सगळं खोटं ठरवायचा प्रयत्न आधी मीच केला आहे. तुम्ही नव्याने तसदी घेऊ नका.

आमच्याकडे जुनी पद्मिनी आहे, ह्यांची. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. मुग्धाला, म्हणजे आमच्या मुलीला, गाडी ह्यांनीच शिकवली. ती चालवायची आणि हे शेजारी बसून आपल्या पायाने नुसतीच जमीन दाबत राहायचे. तिकडची रबरी मॅट त्या जागी झिजून गेली आहे. "बाबा, तुमच्याकडे ब्रेक नाहीये!" असं ती करवादली की म्हणायचे, "तुझा पाय पोचेस्तोवर माझा असलेला बरा."

मुग्धाला सासवडच्या कॉलेजात नोकरी लागली. तिथेच खोली घेतली आणि जाहीर केलं, की शनिवारी घरी येणार, सोमवारी परत जाणार, आणि ते बाबांच्याच गाडीने. मध्ये दिवे घाट! एकुलती एक मुलगी, आणि गाडीला पुढे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक – दाबल्यावर जरा विचार करून लागणारे.

मी अट घातली. पुढचे ब्रेक बदलायचे, मगच किल्ली.

बोपोडीचे बबनराव आमचे नेहमीचे मेकॅनिक. भंगारात निघालेल्या एका नंतरच्या मॉडेलच्या गाडीचे पुढचे दोन्ही स्टब एक्सल, म्हणजे ज्यावर चाक फिरतं ते लोखंडी दांडे, डिस्क ब्रेकसकट काढून आमच्या गाडीला बसवायचे असं ठरलं. हे असते तर घरात दोन दिवस अबोला झाला असता. "एकाचे पाय दुसऱ्याला लावायचे धंदे मला सांगू नका," असं त्यांनी बबनरावांना पूर्वी एकदा सुनावलं होतं.

मेकॅनिकने काढलेला जुना माल मी नेहमी परत मागून घेते. नाहीतर बदलला कशावरून? शिवाय या वेळी नव्या ब्रेक पॅडवर मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली – अगदी डिस्कला घासतो त्या बाजूला. वापरलेले पॅड गळ्यात मारले असं नको.

"वहिनी, ह्यो डाग पहिल्याच ब्रेकला पुसला जाईल की," बबनराव म्हणाले.

"जाऊ दे. बसवताना तर दिसेल?"

"इश्वास नाय व्हय आमच्यावर?"

"आहे ना. म्हणून तर समोर स्टूल टाकून बसले आहे."

ड्रम आणि त्यांच्या आतले ब्रेक शू त्यांनी गोणीत भरून दिले. शूवरची जी पट्टी घासून झिजते ना, ते लायनर. "जाड हाय अजून, लई दिवस चाललं असतं," म्हणून हळहळलेही. गोणी मी गॅलरीत ठेवली.

पहिल्याच शनिवारी मुग्धा घरी आली आणि थोड्या वेळाने केर काढताना मी गोणी सरकवली, तर आतलं लोखंड गरम. ऊन, दुसरं काय! पण आमची गॅलरी पूर्वेची, दुपारी तिथे ऊन कुठलं? सोमवारी ती गेल्यावर पुन्हा तेच. मग गोणी आतल्या खोलीत दिवाणाखाली ढकलली. एरवी थंडगार... आणि मुग्धा गाडी चालवत असली की कोमट. मुग्धा चोरून जुने ब्रेक लावते की काय, असाही संशय घेऊन झाला. तिला स्टेपनी बदलता येत नाही! शेवटी स्वतःच्या तळहातांवर संशय घेतला आणि डॉक्टरांकडे जाऊन आले. हात ठणठणीत निघाले.

मग तो शनिवार. मी मेथी निवडत होते. आतल्या खोलीतून जळका वास आला, घाटात ट्रकच्या मागे येतो तसा. धावत जाऊन गोणी ओढली, तर ड्रमला हात लावता येईना. मुग्धाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. त्या वेळात मी किती देव आठवले ते मलाच माहीत.

मग तिचाच आला. "आई, घाबरू नकोस, मी बरी आहे. घाटात वळण उतरले तर समोर टेम्पो आडवा... थांबली गं गाडी, वीतभर अंतरावर. पण आई – मी ब्रेक दाबलाच नव्हता. माझा पाय पोचायच्या आतच थांबली."

फोन ठेवला आणि ओट्याला टेकून मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी बबनरावांना चाकं खोलायला लावली. नव्या पॅडवरची लाल रेघ जशीच्या तशी होती. इतक्या घाटफेऱ्या होऊनसुद्धा! पेडल दाबून पाहिलं, तर डिस्क घट्ट पकडत होती. कुठेच दोष नाही. मग मी गोणी उघडून शू दाखवले. लायनर पार रिव्हेटपर्यंत घासलेलं.

"हे मी दिलेलं न्हाईत," बबनराव म्हणाले. "तुमी दुसरं कुठनं तरी आणलंय, वहिनी." आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर संशय घेत होतं.

गाडी मागच्या ब्रेकवर थांबत असेल, असं तुमच्यातले इंजिनिअर म्हणतील. मीही म्हणून पाहिलं. मग दिवाणाखालचं लायनर कोणी झिजवलं? भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही.

गेल्या आठवड्यात मात्र ते शू घेऊन मी कसबा पेठेत गेले. तिथे एका बोळात लायनर बसवून देणारे काका आहेत. त्यांनी शू उलटसुलट करून पाहिले.

"पद्मिनीचे ना? गाडी घेऊन या, चढवूनही देतो."

"गाडीला नाही लावायचे. घरीच ठेवायचे आहेत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग लायनर कशाला? शोभेला?"

"शुक्रवारपर्यंत द्या," मी म्हटलं. "शनिवारी मुलगी घाट उतरते."