पासिंगचे साहेब

"हं, वाजवा!"

गाडी चालू करा, असं साहेब कधी म्हणत नसत. वाजवा म्हणत. मग गाडीकडे चक्क पाठ करून, डोळे मिटून, मान जरा तिरपी करून उभे राहत. पेटीवाल्याने सूर धरावा आणि गवयाने तो कानात घ्यावा, तसे. नवखा ड्रायव्हर गोंधळून हॉर्न वाजवायचा, आणि रांग हसायची.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. महिन्यातून एकदा नवघरच्या मैदानात पासिंग असे, म्हणजे टेम्पो-ट्रक रस्त्यावर चालवायला धड आहेत की नाहीत याची सरकारी तपासणी. साहेब बाहेरगावाहून येत. स्टेशनवरून बहुतेक टांग्यानेच. माझं जवळच पापडी गावात छोटं गॅरेज होतं. त्यामुळे रांगेत माझ्या दोन-तीन गाड्या असायच्याच.

फुटक्या सायलेन्सरचं त्यांना भारी वावडं. "अहो, इंजिनाला डांग्या खोकला झालाय आणि तुम्ही त्याला बाजारात फिरवताय?" एकदा त्यांना घेऊन आलेल्या सरकारी जीपचाच सायलेन्सर फुटला. साहेबांनी तिलाही नापास केलं आणि परतीला एसटी पकडली. जीपचा ड्रायव्हर कागद हातात धरून बघतच राहिला.

पण मला ते आठवतात ते इनासच्या टेम्पोमुळे. इनास शेजारच्या गावचा केळीवाला. रविवारी त्याच्या बहिणीचं लग्न आणि टेम्पोचं पासिंग शनिवारी. सायलेन्सर आतून सडलेला, नवा मिळेना. मी त्यात काथ्या कोंबला, वरून पत्रा ठोकला. टेम्पो मांजरासारखा गुरगुरू लागला. मी स्वतःवरच खूश.

"हं, वाजवा!"

साहेबांनी डोळे उघडले. "इतका शांत? याने मौन कधीपासून धरलं?"

तेवढ्यात नळीतून पांढरा धूर यायला लागला. आतला काथ्या पेटला होता. सगळी रांग हसली, साहेब तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणखी काय कारागिरी केलीय बघू, म्हणत गोणपाट अंथरून टेम्पोखाली शिरले. तिथं त्यांचं हसू थांबलं.

"मिस्त्री, इकडे या."

मागच्या चाकाची आतली बाजू ओली होती. ब्रेक ऑईल गळत होतं.

"उद्या यात कोण बसणार?" साहेबांनी इनासला विचारलं.

"घरचीच, साहेब. नवरी, आई, पोरंटोरं. वीस-बावीस माणसं."

"मग नाही."

इनासने हात जोडले. "एक दिवस चालू द्या, साहेब. सोमवारी दुकानं उघडली की सगळं करून आणतो. लग्न आहे हो घरात!"

"लग्न आहे म्हणूनच नाही म्हणतोय."

मला इनासच्या तोंडाकडे बघवेना. आवाज दडपायच्या नादात चाक उघडून बघायचं मला सुचलंच नव्हतं. साहेब मात्र गोणपाट झटकून थेट आपल्या टांगेवाल्याकडे गेले. "उद्या किती टांगे जमतील?"

"तुमी बोला, सायब. ठेसनावरचे सगले आनतो."

सात टांगे आले. घोड्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पहिल्या टांग्यात नवरी. चर्चपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक बघायला उभे. कालपासून फुगलेला इनास अर्ध्या वाटेत टांगेवाल्याच्या शेजारी जाऊन बसला आणि लगामच हातात घेतला. नवरीच्या आईने साहेबांनाही बोलावणं धाडलं होतं. ते पांढराशुभ्र शर्ट घालून आले. मांडवात बँड सुरू झाला तसे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मिस्त्री, याचं पासिंग कोण करतं हो?" आणि थोड्या वेळाने त्याच बँडवर, त्या माउलीच्या आग्रहाने, दोन्ही हात वर करून नाचले.

पुढे त्यांची बदली झाली. कुठे, ते कळलं नाही. नंतर आलेले साहेब भले होते, पण गाड्या अतोनात वाढल्या होत्या. बिचाऱ्यांना झाडाखालच्या टेबलावरून उठायला सवड नसे. पहिल्याच खेपेला मी नेलेला ट्रक त्यांनी दुरूनच पाहिला आणि कागदावर शिक्का मारला.

मी ट्रक तडक गॅरेजला आणला, जॅक लावला आणि चाक उघडायला घेतलं.

"अहो मिस्त्री, पास झालीय की गाडी!" मालक म्हणाला.

"झालीय," मी म्हटलं. "पण अजून कुणी बघितली नाहीये."