शेवंतामावशीची शेवटची मूठ

शेवंतामावशी चोर आहे, असं मला आठवडाभर वाटत होतं. हे आधीच लिहून टाकते. पुढचं वाचताना मी तेव्हा फार शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको.

आमचं कांडप लालबागला मसाल्याच्या गल्लीत. खाली दोन डंख, म्हणजे विजेवर वर-खाली होणारी लोखंडी मुसळं. बाजूला मिरच्या भाजायची कढई, पुढे विक्रीचा काउंटर आणि वर पोटमाळ्यावर ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि मी. दहावीनंतर परळला टायपिंग शिकले, चौऱ्याण्णव साली मालकांनी, अण्णांनी, मला वह्या लिहायला ठेवलं, तेव्हापासून तिथेच.

मावशी माझ्याआधी बारा वर्षं आलेली. गिरण्यांच्या संपाच्या साली. तिचा नवरा आनंदा परब गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. संप लागून तीन महिने झाल्यावर तो एका दुपारी गिरणीच्या फाटकातून आत गेला आणि अर्ध्या तासाने बाहेर आला. साच्याजवळ त्याने रवळनाथाचा फोटो लावला होता, तो धूळ खात पडलाय म्हणून काढून आणायला गेला, असं त्याने सांगितलं. फोटो हातात होता तरी कुणाला पटलं नाही. आत जाऊन कामावर हजर होतो म्हणून सही करून आला, असं चाळीत ठरलं. नळावर मावशी आली की बायका आपल्या कळश्या बाजूला घ्यायच्या. आनंदाने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगितलं, मग तो बोलायचाच बंद झाला. संप कधी मिटला हे कुणाला कळलं नाही, तसाच हा संशयही कधी मिटला नाही. सत्त्याऐंशी साली आनंदा गेला तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांपैकी एकजण जिन्यावर म्हणाला होता, "खरं काय होतं ते आता गेलं याच्याबरोबर." हे वाक्य मावशीने मला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही.

तर संपाच्या पाचव्या महिन्यात ती अण्णांकडे मिरच्यांची देठं खुडायला आली आणि दोन वर्षांत मालवणी मसाला तिच्या हातात गेला. अण्णांनी मसाल्याच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला दिली. कशात किती, ते ती हाताने घ्यायची. डब्याचा तळ वाजला की अण्णा बाजारातून माल आणायचे. हाच आमचा हिशोब, आणि तो कधी अडला नाही.

एक रीत होती. सगळं भाजून एकत्र झालं, डंख सुरू करायची वेळ आली, की मावशी कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी जायची. तिथे एक पितळी डबा असायचा. पदराआड त्यात हात घालायची, देवाचं नाव घ्यायची आणि मूठ मसाल्यावर सोडायची. त्या वेळी बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. अण्णासुद्धा फिरवायचे. डब्यात हळद लावलेल्या अक्षता असणार असं मी धरून चालले होते. देवाचा डबा, तो उघडून कोण बघणार?

अण्णा गेले आणि रघुवीरने, त्यांच्या मुलाने, धंदा हातात घेतला. गिरगावात दुसरं दुकान काढलं, दादर-माटुंग्याच्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी धरल्या. कुठे किती माल पडलाय ते त्याला कळेना. दोन हजार अकराच्या जानेवारीत तो एक सिस्टीम घेऊन आला. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, सगळं एकात. माटुंग्याहून एक माणूस ती बसवायला यायचा. सभ्य होता, पण फार विचारायचा. हे कोण देतं, ते कोण घेतं, सही कोण करतं. कांडपावरच्या बायकांना वाटलं, हा पोलिसांकडून आलाय.

मलाही तो नको होता. वही मी लिहायचे, त्यात चूक झाली तर खोडून वर बरोबर लिहायचे, आणि ती खोड मला आणि अण्णांनाच ठाऊक असायची. इथे प्रत्येक नोंदीपुढे माझं नाव आणि वेळ आपोआप उमटायची. पहिले दोन महिने मी वहीही लिहिली आणि सिस्टीमही भरली. बेडगी मिरची दोन नावांनी चढली, एका नावाखाली पोती दिसायची आणि दुसऱ्याखाली नुसतं शून्य. शून्य दिसलं की सिस्टीम बिल काढू द्यायची नाही. समोर पोतं उभं, गिऱ्हाईक उभं, आणि पडदा म्हणतोय माल नाही.

मग कृती भरायची वेळ आली. दहा किलो मिरचीच्या एका घाण्याला काय काय किती, ते मावशीने सांगायचं आणि मी टाइप करायचं. ती स्टुलावर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

"ह्या सगळा कोण वाचतला?" तिने विचारलं.

रघुवीरच वाचेल, म्हटलं.

"आणि माझ्यानंतर?"

मी पहिली ओळ उघडली, म्हटलं, सांगा. तिने धणे सांगितले, बडीशेप, खसखस, दगडफूल, त्रिफळ, लवंग, दालचिनी सांगितली. नागकेशर शंभर ग्रॅम. एकेक जिन्नस सांगताना ती माझ्या बोटांकडे बघत होती. शेवटी मी विचारलं, झालं का सगळं? ती म्हणाली, "झाला." मीही पुढे विचारलं नाही. देवाची मूठ मला जिन्नस वाटलीच नाही. ती पूजा होती. पूजा कोण टाइप करतं?

मार्चमध्ये हंगाम लागला. दिवसाला पाच-पाच घाणे निघू लागले. एप्रिलच्या पाच तारखेला माटुंग्याच्या माणसाने साठा मोजायला लावला. बाकी सगळ्यात थोडं कमी, थोडं जास्त. नागकेशर मात्र पाच किलो कमी.

नागकेशर म्हणजे मिरीएवढ्या सुक्या कळ्या, वजनाला हलक्या आणि भावाला जड. कनवटीला लावून नेलं तर कुणाला दिसणार नाही. रघुवीर पडद्याकडे बघत राहिला. माटुंग्याचा माणूस म्हणाला, सिस्टीम चुकत नाही, माणूस चुकतो. मग आम्हा तिघांनाही कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते आठवलं. 

रघुवीरने मावशीला बोल लावला नाही. लहानपणी तो तिच्या मांडीवर झोपलेला. त्याने फक्त कपाटाला नवं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "मावशी, तुमचा त्रास कमी करतोय," म्हणाला. "उर्मिला वजन करून देईल, तुम्ही फक्त भाजा." मावशीने कमरेची जुनी किल्ली सोडून काउंटरवर ठेवली. तिथे गिऱ्हाइकं होती. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

त्या दिवसापासून मी पडद्यावर बघून तोलून द्यायला लागले. आणि साठा जुळला. पहिल्या दिवशी जुळला, दुसऱ्या दिवशी जुळला, सहा दिवस ग्रॅमला ग्रॅम जुळला. किल्ली गेली आणि तूट थांबली. आता आणखी काय पुरावा हवा? मी तिच्या पिशवीकडे बघायला लागले. ती जेवणाचा डबा धुवायला मोरीत गेली की मी पोटमाळ्यावरून वाकून बघायचे. सतरा वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलेली मी. मनात आलं, म्हणजे इतकी वर्षं चाललं असणार. मग त्याहून वाईट मनात आलं, की आनंदाबद्दलही चाळ म्हणत होती तेच खरं असेल.

तिला ते कळत होतं. कळशी बाजूला घेणं तिने आयुष्यभर बघितलेलं. ती माझ्याशी एवढंच बोलायची: "तोल. नीट बघ. लिही." रोज घाणा सुरू करायच्या आधी ती देव्हाऱ्यापाशी जायची, पदराआड हात करायची आणि मूठ सोडल्यासारखं करून यायची.

सातव्या दिवशी माटुंग्याच्या एका दुकानातून पंचवीस पाकिटं परत आली. वास नाही म्हणे. दुपारी गिरगावच्या दुकानातून फोन आला, तीच तक्रार. खोताच्या वाडीतली एक म्हातारी, वीस वर्षांची गिऱ्हाईक, पुडी परत करून गेली होती. तिने विचारलं होतं, तुमची बाई मेली का? रघुवीर बायकांवर चिडला, मिरची करपवली म्हणाला. मावशी कढई घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावायला मी देव्हाऱ्यापाशी गेले. रोज मीच लावते. निरांजन ठेवायला जागा करावी म्हणून तो पितळी डबा उचलला, आणि तो हलका लागला. देवाची क्षमा मागून झाकण काढलं. डबा रिकामा होता. तळाशी चार-पाच काळपट कळ्या आणि भुगा. वास मात्र मी लगेच ओळखला. आमच्या मसाल्याचा वास. आठ दिवसांपूर्वीच्या मसाल्याचा.

अक्षता नव्हत्याच कधी. नागकेशर होतं, न भाजलेलं, कच्चं. सगळ्यात शेवटी, कुटायच्या क्षणी घालायचं. सकाळी कपाटातून काढून ती देवाच्या डब्यात भरून ठेवायची. म्हणजे पाच किलो कुणी नेलं नव्हतं. ते मसाल्यातच गेलं होतं, आमच्या सगळ्यांच्या देखत, आम्ही तोंड फिरवलेलं असताना.

मावशी आली तेव्हा डबा माझ्या हातात होता. तिने चप्पल काढली, डब्याकडे बघितलं.

"कळला तुका?"

"तुम्ही सांगितलं का नाही? चोर ठरत होतात तुम्ही."

"सांगितला आसता तर काय ऱ्हवला आसता माझ्याकडे?" ती खाली बसली. "बाकीचा सगळा तू लिवून घेतलंस. ही एक मूठ माझी. ही त्या पडद्यात गेली की उद्या कोणीय डंख चालवीत. माका कशाक ठेवतले?"

मी म्हटलं, रघुवीर आला की मी त्याला सांगते, तुमचं नाव स्वच्छ होईल. ती म्हणाली, थांब. मी म्हटलं, मग काहीच सांगत नाही, कृतीत तेवढंच वाढवते गुपचूप. ती म्हणाली, त्याच्यापुढे तुझं नाव आणि वेळ उमटेल, मग तूही चोर. हे तिला माझ्यापेक्षा नीट कळलं होतं. बराच वेळ ती डब्याचं झाकण फिरवत बसली. बायका यायला लागल्या, कढई तापायला लागली.

मग ती उठली. "आनंदाकडे दाखवूक काय नव्हता," ती म्हणाली. "फोटो दाखवल्यान, कोणी बघूक नाय. माझ्याकडे दाखवूक आसा. मी चोर म्हणान ह्या दारातसून जावचंय नाय."

रघुवीर आल्यावर तिने त्याला डंखांपाशी बोलावलं. माटुंग्याचा माणूसही त्याच्याबरोबर होता. बायकांना तिने डंख थांबवायला लावले. मला म्हणाली, नागकेशर आण, काटा आण. डबा भरला आणि या वेळी पदर न घेता, सगळ्यांसमोर हात घातला. एका बाईने सवयीने तोंड फिरवलं. "बघ गो," मावशी तिला म्हणाली, "आता बघूची वेळ आसा."

मूठ काट्यावर सोडली. पस्तीस ग्रॅम. रघुवीर म्हणाला, परत. चौतीस. परत. पस्तीस. दहा वेळा सोडली. चौतीसच्या खाली नाही, छत्तीसच्या वर नाही. माटुंग्याच्या माणसाने मोबाइलवर घाण्यांचा गुणाकार केला. महिनाभराचे घाणे गुणिले पस्तीस, म्हणजे पाच किलोला थोडं कमी. तो मोबाइल खिशात ठेवून म्हणाला, कृती भरताना एक जिन्नस राहिला होता. माणूस चुकतो, असं या वेळी म्हणाला नाही.

रघुवीरने मावशीसाठी चहा मागवला. माफी मागितली नाही, पण पेला स्वतः तिच्या हातात दिला. किल्ली मात्र परत दिली नाही. आता गरज काय, म्हणाला.

मावशीला हेच होणार हे ठाऊक होतं. त्या पावसाळ्यानंतर वसईला शेड घेतली, तिथे मोठी यंत्रं आली, कृती पडद्यावरून निघाली आणि पस्तीस ग्रॅम नागकेशर वजन करून शेवटी पडायला लागलं. पाकिटाला वास आहे, तक्रार नाही. मावशीला दिवाळीचा बोनस नेहमीचा मिळाला, आणि पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही.

पण मी सांगत होते त्या दिवसाचं. चहा पिऊन झाल्यावर ती पोटमाळ्यावर आली, पहिल्यांदाच कुणी न बोलावता. मी तोपर्यंत कृती सुधारली होती. तूट निघून गेली होती.

"ता कागदार येता?" तिने विचारलं.

मी छापून दिलं. सगळं इंग्रजीत होतं म्हणून खाली पेनाने मराठीत लिहिलं: नागकेशर, फरक शून्य, माल बरोबर आहे. तारीख घातली. तिने रघुवीरची सही मागितली, ती मी आणून दिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मला ते वाचायला लावलं, एकदा, आणि परत एकदा. कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि घरी गेली.

तिच्या चाळीतली बकुळा मला पुढे देवळात भेटली. ती म्हणाली, त्या संध्याकाळी मावशी कागद घेऊन आमच्याकडे आली होती. वाच म्हणाली. मी वाचला. तर विचारते, उर्मिलाने मला सांगितलं तेच लिहिलंय ना, का दुसरं काही?

मी बकुळाला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"तेच लिहिलंय म्हणून सांगितलं. तर म्हणाली, आता वरचं इंग्रजी पण वाच."