दमलेल्या जागा

स्टुडिओत त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. गाणं रेकॉर्ड झालं की हा कॉम्प्युटरसमोर ठाण मांडायचा आणि गायकाचे श्वास, घसरलेले सूर, कापरा आवाज असं सगळं तांदळातल्या खड्यांसारखं वेचून काढायचा. वर मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकायचा. “ते ठेवलं की गायक तुलना करत बसतात, नसती कटकट,” असं त्याचं म्हणणं. आजवर या हट्टापायी कुणाचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत असे.

त्या दुपारी त्याची थोरली बहीण आली. दुसऱ्या दिवशी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहील, अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. तिच्या लेकीला दिवस गेले होते. बाळाला आजीचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून ताईला अंगाई रेकॉर्ड करायची होती. एकदाच गा, ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

साथीला परमुलखातला पियानोवाला होता. त्याला यांच्या भाषेचा गंध नव्हता. तरी ताईचं गाणं संपलं तेव्हा त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

ताईचा चहा होईपर्यंत कात्रीने काम उरकलं. सख्ख्या बहिणीचं गाणं म्हणून जरा जास्तच मन लावून साफ केलं आणि मोठ्या हौसेने दोघांना ऐकवलं. पियानोवाला अर्ध्यातच मोबाइल बघू लागला. ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ही कोण गातेय रे?”

“तूच की, ताई!”

“मी नाही. मी मधे दमले होते, ते कुठे गेलं? आधीचं लाव.”

कात्रीने पुसलेल्या फाइली धुंडाळल्या, पण तिथेही सवयीने झाडू फिरवलेला होता. शब्द न कळणारा माणूस जे ऐकून रडला, नेमकं तेच आपण खडे म्हणून फेकून दिलं, हे त्याला आता उमगलं.

“पुसलं गं मी ते.”

ताई कप ठेवून उठली. “चल. पुन्हा गाते.”

“वेडी आहेस का? डॉक्टर काय म्हणाले?”

“मग बाळाला ही परकी बाई ऐकवू? बटण दाब. आणि नंतर हात लावशील तर याद राख.”

त्याने बटण दाबलं. दुसऱ्याच कडव्यात तिचा आवाज चिरकला. पियानोवाल्याने हात आवरले, पण ती थांबली नाही. एकेक ओळ ओढत ती पुढे जात होती आणि इकडे काचेआड कात्री तोंडावर हात दाबून रडत होता. थांबवावं तर बाळाचं गाणं जाणार, न थांबवावं तर ताईचा घसा. त्याने थांबवलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

“रडतोस काय? आईला फोन लाव. आवाज आहे तोवर बोलून घेते.”