सिमेंटची मगर

मंद्रूपच्या निंगप्पानं बावीस वर्षं मगर सांभाळली, आणि त्यातली सहा वर्षं ती खरी नाहीच, असं लोकांना सांगितलं.

सोलापुरातलं ते प्राणिसंग्रहालय एका गिरणीमालकानं हौसेनं काढलेलं. गिरणी गेली, मालक गेला, वाघही गेला. राहिला तो वाघाचा फलक. लोक आता त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. खरं सांगायचं तर फलकावरचा वाघ मूळ वाघापेक्षा तब्येतीनं बरा आहे. बाकी आकर्षण म्हणजे दोन सांबरं, टक्कल पडलेला मोर आणि ही मगर. तिला निंगप्पानं सासूचं नाव ठेवलं, बजाबाई. दोघीही बोलत नसत, नुसत्या बघत.

बजाबाईचा गुन्हा एवढाच की ती हलत नसे. तिकीट काढलंय म्हटल्यावर जनावरानं काहीतरी करून दाखवलंच पाहिजे, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत. मग दगड. शिकलेले आईबाप तर पोराच्या हातात दगड देत, तेवढंच पोराला ज्ञान. अशाच एका ज्ञानदानात बजाबाईचा डावा डोळा गेला. त्या दिवशी निंगप्पा हौदाच्या कठड्याला टेकून रडला.

दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, "खरी हाय का ओ?"

"न्हाय. सिमेंटची हाय."

त्या माणसानं हातातला दगड टाकून दिला. सिमेंटला मारण्यात कसली आलीय मजा! त्यानंतर सहा वर्षं बजाबाईला खडासुद्धा लागला नाही.

यंदा संग्रहालय चालवणाऱ्या ट्रस्टनं नवे व्यवस्थापक नेमले, सोमशेखर साहेब. त्यांनी जनावरांची मोजदाद केली ती कठड्याला टेकलेल्या लोकांना विचारून. यादीत लिहिलं : मगर, सिमेंटची, रंग उडालेला. आठवड्यात तिची मासळी बंद झाली आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन पेंटर हजर. तो विचारू लागला, "तोंडाच्या आतून लाल मारायचा का?"

निंगप्पा धावत साहेबांना घेऊन आला. "जिती हाय ओ ती, साहेब!"

"तूच सांगतोस ना सिमेंटची?"

"ते लोकांसाठी."

"मग हलवून दाखव."

दिवस गड्ड्याच्या जत्रेचे. ऐन थंडीत मगर खात नाही की हलत नाही. निंगप्पानं बादली वाजवली, नावानं हाका मारल्या. बजाबाई आ वासून उन्हात पडलेली. कठड्याभोवती जत्रेची गर्दी जमली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पेंटरला मान हलवून खूण केली. पेंटरनं डब्याचं झाकण काढलं.

निंगप्पा खाली वाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दगड उचलला. नेम शेपटीवर धरला, पण दगड पाठीवर बसला. बजाबाई धपकन पाण्यात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी 'सिमेंटची' खोडून 'जिवंत' लिहिलं आणि खुशीत चहाला गेले.

ते फाटकापर्यंत पोचायच्या आत पहिला दगड पाण्यात पडला. मग दुसरा. मग किती ते मोजवेना.

"मारू नका ओ! पाया पडतो तुमच्या!" निंगप्पा दोन्ही हात पसरून कठड्यापुढं उभा राहिला.

कडेवर पोर घेतलेल्या एका बाईनं त्याच्याकडं नवलानं बघितलं.

"का? आत्ता तुमीच मारला की," ती म्हणाली, आणि पोराच्या मुठीत खडा दिला.