माझा धडा, तिचा आवाज

"काकू, आता खोकायचं सुद्धा नाही हं," मॅडम म्हणाल्या. पंखे बंद झाले. दाराची कडी लागली. अन् माझा धडा दुसऱ्याच एका मुलीच्या तोंडून सुरू झाला.

मी रचलेला धडा. अन् मीच समोर बसलेली, तोंडावर पदर धरून.

सांगते कसं झालं ते. आमचं शहर हिंदी मुलखातलं; इथं दीक्षितपुऱ्यातल्या हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग भरतो. पोरांना घरची मराठी समजते, बोलता येत नाही. मला बोलता येते, पण शाळा चौथीपर्यंतच, ती पण हिंदी. मराठी वाचायला आपली आपणच शिकली. म्हटलं, चलो, म्हातारपणी व्याकरण पण शिकू. बसली पोरांसोबत.

तिथली रीत अशी, की ज्याच्या वाट्याला जो धडा येईल, त्यानं तो सोपा करून फोनमध्ये बोलायचा. पॉडकास्ट म्हणतात. वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, बाकीचे ऐकून शिकतात. माझ्या वाट्याला व्याकरणातले काळ आले, झालेलं, चाललेलं, होणारं. कांचघर मोहल्ल्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलली मी. कढी उतू गेली, कढी उतू जाऊन राहिली, कढी उतू जाईल, अगं गॅस बंद कर! पोरं हसत हसत शिकली. एक म्हणे, "दादी, आपका वाला तो याद ही हो गया."

रविवारी शिकवणाऱ्या मॅडमनी तो सगळ्यांसमोर लावला. अर्ध्यातच थांबवला.

"काकू, हे असं बोलणं घरात चालतं. आपल्या मुलांच्या कानावर नको."

मागून कोणाची तरी आई बोलली, "कुठून आल्या ते आवाजातच कळतं."

हसले सगळे. 'कुठून' म्हणजे मोहल्ला नाही हो. माझे वडील फॅक्टरीत झाडू मारत, ते 'कुठून'. जन्मभर ऐकलेलं आहे. लगेच समजते.

मग मॅडम एकदम गोड. "मजकूर छान आहे हं. तोच ठेवू. फक्त आवाज बदलू."

मी 'बरं' म्हणून मान हलवली. काहून हलवली? सवय. दुसरं काय.

अन् आता रेकॉर्डिंगसाठी लावलेली ही दाराची कडी. घाम मानेवरून पाठीत चाललेला. ती मुलगी माझी कढी वाचून राहिली, साफ, धुतलेली, मिठाशिवायची. उठावं तर खुर्ची वाजेल. बोलावं तर रेकॉर्डिंग बिघडेल. सगळे श्वास धरून. मी पण.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या चुप बसण्यावरच यांचं शुद्ध बोलणं चालून राहिलं.

"हा धडा माझा आहे," मी बोलली.

"काकू! आता पुन्हा घ्यावं लागेल."

पुन्हा घेतलं. मी पुन्हा बोलली. मुलगी रडकुंडीला आली. तिचा काय दोष, पण मी थांबली नाही.

"तुम्ही बाहेर बसा बरं."

"नाही बसत. गोष्ट माझी, तोंड पण माझंच राहील."

त्या दिवशी काही झालं नाही रेकॉर्ड. संध्याकाळपर्यंत माझा धडा ग्रुपवरून काढून टाकलेला. आता माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. दुसरा वर्ग मला ठाऊक नाही, म्हणून तिथंच जाते, त्याच लोकांत बसते. जीव गुदमरतो. तरी जाते.

काल पुढचा धडा बोलून ग्रुपवर टाकला. माझ्या आवाजात, माझ्या बोलीत, नाव सांगून. काढतील. मी पुन्हा टाकीन. ते काढून थकतील का मी मरीन, पाहू. चुप बसणार नाही.